खाली कोणी जायचं नाही

दुपारी तीनच्या सुमाराला ती चार्ज केलेली बॅटरी हातगाडीवर घालून शेडकडे निघाली. आभाळ भरून आलं होतं पण पाऊस नव्हता, राखेच्या रंगाचा कोंडलेला उजेड तेवढा होता. बॅटरीवाल्याने विचारलं होतं, "परत त्याच ट्रकची का?" ती म्हणाली होती, "नाही, विमान घेतलंय."

तिच्या जिभेला हाड नव्हतं हे खरं. पण चार महिने एका गाडीने जीव खाल्ल्यावर कोणाच्या जिभेला राहील? उद्या पहाटे विटांची खेप होती आणि म्हातारी सुरू होत नव्हती. त्या जुन्या डिझेल ट्रकला घरात सगळे म्हातारीच म्हणायचे. मनात आलं तर एका सेल्फला सुरू व्हायची, नाहीतर डोकं फोडून घेतलं तरी ढिम्म. तिने बॅटरी बदलली. वायरींची टोकं घासून घासून चकचकीत केली. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, उघडून आतले कार्बन बदलले. डिझेलच्या पाइपात हवा धरते, मिस्त्री म्हणाले, तर नवे वायसर घालून, बुडबुडे संपेपर्यंत हँडपंप मारून हवा काढली. तीन मिस्त्री झाले. प्रत्येकाने आधीच्याला गाढव ठरवलं आणि स्वतः गाढव ठरून गेला. ती शाळेत चौथीपर्यंतच गेलेली, पण टाकीतून निघालेलं डिझेल कुठून कुठे जातं ते डोळे मिटून सांगितलं असतं तिने.

एक काम मात्र तिने कोणाला करू दिलं नव्हतं. गाडीखाली झोपायचं, लांब स्क्रूड्रायव्हरने सेल्फची दोन टोकं जोडायची आणि किल्लीशिवाय इंजिन सुरू करायचं. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा ते करतानाच गेला होता.

गाडीचा हँडब्रेक ढिला. म्हणून दोघा भावांची पद्धत अशी की उभी करताना पहिल्या गिअरमध्ये टाकायची आणि स्टिअरिंगला लाल फडकं बांधायचं. फडकं असेपर्यंत खाली कोणी जायचं नाही. गाडी न्यूट्रलला आणली की फडकं सोडायचं. त्या सकाळी स्टिअरिंगला फडकं नव्हतं. तो खाली गेला, टोकं जोडली, आणि गिअरमधल्या गाडीने उडी घेतली.

लोक म्हणाले, स्वतःच्या हलगर्जीपणाने गेला. वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, त्याची एका वाक्यात माती केली लोकांनी. आदल्या रात्री गाडी उभी केली होती तिच्या धाकट्या दिराने. फडकं बांधलं नाही ते त्याने. दोन वर्षं ती हे त्याच्या तोंडावर म्हणत होती, जेवताना, गाडी धुताना, चार माणसांत. तो मान खाली घालून ऐकायचा. ती या घरात आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, तिच्याच हातचं खाऊन वाढला. एकदा त्याने कबूल करावं आणि नवऱ्याच्या नावावरचा तो डाग पुसला जावा, एवढंच तिला हवं होतं. त्याच्या गप्प बसण्याने तिचं डोकं आणखी फिरायचं.

शेडच्या दाराशी दोघं वाट बघत होते, चौथा मिस्त्री आणि धाकटा. तिने कुलूप काढलं. पत्र्याखाली इतका अंधार की ट्रकचं नुसतं नाकाड दिसत होतं. डिझेलचा, गंजाचा आणि ओल्या गोणपाटाचा वास दाटला होता.

"ताई, कालच बघितलं मी, किल्लीवरून सेल्फपर्यंत करंट पोचत नाही," मिस्त्री म्हणाला. "खालून टोकं जोडतो. पाच मिनिटांचं काम आहे."

"आधी घरी निरोप ठेवून ये, मग जोड."

मिस्त्री ओशाळून हसला. तिने बॅटरी बसवली, वर चढली आणि सवयीने गिअरचा दांडा चाचपला. दांडा पहिल्या गिअरमध्ये होता.

काल संध्याकाळी शेडच्या सपाट जमिनीवर तिने स्वतः गाडी न्यूट्रलला आणली होती. फडकं सोडून घडी करून खिळ्याला अडकवलं होतं. शेडला कुलूप घातलं होतं आणि किल्ली तिच्या कमरेला होती.

तिने दांडा न्यूट्रलला आणला, किल्ली फिरवली. टक्. पुढे काही नाही.

"अकरावी वेळ," ती खाली उतरत म्हणाली. "चार महिन्यांत अकरा वेळा मी न्यूट्रलला ठेवलेली गाडी दुसऱ्या दिवशी गिअरमध्ये. आणि ज्या दिवशी गिअरमध्ये, त्याच दिवशी किल्लीने सुरू होत नाही. हे कुठल्या वायरीतलं दुखणं आहे, मिस्त्री?"

मिस्त्रीने आधी ट्रककडे पाहिलं, मग धाकट्याकडे. "गाडीचा दोष मी काढतो, ताई. घरातला नाही काढत." त्याने पान्हे पिशवीत भरले आणि चालता झाला. घाईत लांब स्क्रूड्रायव्हर जमिनीवरच राहिला.

"मला भिववून गाडी विकायला लावायचीय तुला," ती धाकट्याला म्हणाली. "रात्री येऊन दांडा तूच हलवतोस."

"किल्ली तुझ्या कमरेला आहे, वहिनी."

"पत्रा उचकटायला किल्ली लागत नाही. भावाला खाल्लंस, आता..."

तिचं बोलणं अर्धवट राहिलं. गाडीखाली काहीतरी सरकलं. गोणपाटावर पाठ टेकून माणूस आत सरकतो तसा, खरड... खरड... असा आवाज. मग एक दमलेला श्वास. मग काहीच नाही.

तिने वाकून पाहिलं. गोणपाट होतं. त्यावर कोणी नव्हतं.

"ऐकलंस?" ती तशीच वाकून म्हणाली.

"रोज ऐकतो."

"रोज... म्हणजे कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"आणि तोंड शिवलं होतं तुझं?"

"हे बोललो असतो तर सगळंच बोलावं लागलं असतं." तो ट्रकपासून दोन पावलं मागे सरला. "वहिनी, मी फडकं बांधलं होतं."

"खोटं."

"दोन गाठी मारल्या होत्या. घट्ट."

"मग काय पंख फुटले त्याला? कुठे गेलं?"

तो तिच्याकडे बघेना. "दोरीवर होतं," तो हळूच म्हणाला. "मी धावत आलो तेव्हा पाहिलं. वाळत होतं... दादाच्या दोन शर्टांच्या मधे."

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि जिभेवर डिझेलची चव आली.

त्या दिवशी तिने उजाडायच्या आत धुणं काढलं होतं. केबिनमधला नवऱ्याचा शर्ट घ्यायला वर चढली, तर स्टिअरिंगला एक कळकट, ग्रीसने ताठ झालेलं फडकं. तेही होऊन जाईल बाकीच्या धुण्यात, असा विचार केला. गाठ सुटेना म्हणून दातांनी सोडवली. फडक्याची पद्धत ही बाप्यांची, तिला ती नंतर कळली, नवरा गेल्यावर. आणि कळल्यावर एवढी चिडली की आपण काय धुतलं होतं ते आठवायला तिला सवडच झाली नाही.

"दोन वर्षं माझ्या शिव्या खाल्ल्यास," ती म्हणाली.

"तू जीव दिला असतास, वहिनी."

"तो माझा होता, द्यायचा का ठेवायचा. तुला कोणी सांगितलं होतं मोठेपणा करायला? चार माणसांत तुला खुनी म्हटलं मी. ते कसं परत घेऊ आता? कुठल्या तोंडाने?"

तिने जमिनीवरचा स्क्रूड्रायव्हर उचलला.

"वहिनी... काय करतेस?"

"उद्याची खेप आहे. वर चढ. गिअर बघ आणि मला सांग."

"नको. मी जातो खाली."

"वर चढ म्हणते ना."

ती गोणपाटावर आडवी झाली आणि पाठीवर सरकत आत गेली. हाताच्या अंतरावर इंजिनचं काळं पोट. गोणपाट ऊबदार होतं. आत्ताच कोणी उठून गेलेल्या अंथरुणासारखं. तिने दात आवळले. भीती वाटत होती, पण राग भीतीहून मोठा होता. स्वतःवरचा, त्या पोरावरचा, जगावरचा.

"बघितलंस का?" ती ओरडली.

वर केबिनचं दार वाजलं. सीट करकरली.

"न्यूट्रल आहे," वरून आवाज आला. हलका, घोगरा. "...जोड."

तिने टोकं जोडली. निळी ठिणगी उडाली, सेल्फ किंचाळला आणि इंजिन एकदम धडधडलं. सगळी गाडी थरथरली. धूळ तिच्या तोंडावर पडली. चाकं जागची हलली नाहीत. ती तशीच पडून राहिली, श्वास सोडला. मग पाठीवर सरकत बाहेर आली, कपडे झटकले.

धाकटा शेडच्या दारात उभा होता. खांबाला दोन्ही हातांनी धरून. चेहरा पांढराफटक.

"तू कधी उतरलास?"

"मी चढलोच नाही, वहिनी." तो खांब सोडेना. "माझे पायच उचलले नाहीत... मी इथेच होतो."

केबिनचं दार सताड उघडं होतं. ती पायरीवर चढली. धाकटा "नको, नको" म्हणत राहिला, पण कोणाच्या नको म्हणण्याने थांबणारी बाई नव्हती ती.

आत कोणी नव्हतं. इंजिन एकसारखं धडधडत होतं. दांडा पहिल्या गिअरमध्ये होता.

तिला आधी कळेना की पहिल्या गिअरमध्ये असलेली, चालू इंजिनाची गाडी जागच्या जागी उभी कशी राहिली. गिअरमध्ये गाडी थोपवायची तर एकच उपाय, क्लच पूर्ण दाबून धरायचा. तिने खाली पाहिलं. क्लचचं पॅडल पार तळाला टेकलेलं होतं. त्यावर पाय नव्हता.

तिने हात लांबवला आणि इंजिन बंद करायची तार ओढली. दोन आचके देऊन इंजिन थांबलं. शेडात शांतता पसरली, पत्रासुद्धा वाजेना.

मग पॅडल वर यायला लागलं. सोडल्यावर झटक्यात येतं तसं नाही. हळू... फार हळू... फार वेळ धरून दमलेला माणूस पाय उचलतो तसं. वर आलं आणि थांबलं.

सीटवर, स्टिअरिंगसमोर, माणूस बसल्यावर पडतो तसा खोल खळगा पडला होता. ती बघत उभी राहिली. तो भरून येईना.