पाचशे एकावा फोन

रविवारची दुपार, आणि आठव्या मजल्यावरच्या ऑफिसात ती एकटीच. सहाच्या आत चाचणी पार पडली, तर तिची तात्पुरती नोकरी कायम होणार होती. नाही पडली, तर बसा घरी. काम तसं साधं. अॅम्ब्युलन्ससाठी येणारे फोन घेणारी नवी सिस्टिम उद्या सकाळी सुरू व्हायची होती. तिच्यावर पाचशे खोटे फोन एकदम सोडायचे आणि ती तग धरते का बघायचं.

पण चाचणी सुरू केली रे केली की बंद. ‘या फाइलमध्ये लिहिण्याची परवानगी नाही.’ चारदा तेच! निकालाची फाइल अजून मास्तरांच्या नावावर होती. मास्तर म्हणजे तिच्या आधी याच खुर्चीत बसणारे. दोन महिन्यांपूर्वी गेले बिचारे; त्यांची बामाची बाटली अजून खणात होती.

तिने साहेबांना फोन लावला.

“फक्त तुझ्या खात्याला परवानगी दे गं. सगळ्यांना मोकळं रान देऊ नकोस.”

“हो, साहेब,” म्हणाली खरी; पण घाई माणसाला कुठे सुचू देते! दोनदा जमलं नाही, तशी वैतागून तिने अख्खं फोल्डरच सगळ्यांसाठी उघडं केलं. कोणीही या, कोणीही लिहा.

चाचणी सुटली. तिचा जीव भांड्यात पडला. आकडा चढत चढत पाचशेवर गेला... आणि पाचशे एक झाला.

अगं बाई, हा आगंतुक कुठला? तिने चाचणी थांबवली. स्क्रीनवरच्या पाचशे फोनांच्या ओळी थांबल्या. एक मात्र पुन्हा पुन्हा उमटत राहिली.

‘छातीत कळा. आठवा मजला, खिडकीजवळची खुर्ची. कोणी येतंय का?’

ती त्याच खुर्चीत बसली होती. बंद खोलीत बामाचा उग्र वास दाटला. तिने पुन्हा साहेबांना फोन लावला.

“साहेब... मास्तर कसे गेले?”

“तिथेच गं. चुकून जुन्या, चालू लाइनवरच चाचणी सोडली त्यांनी. तेवढ्यात छातीत कळ आली. अॅम्ब्युलन्सला फोन लावला, तर पुढे त्यांचेच पाचशे खोटे फोन. नंबर लागणार कधी?”

तिला रडूच फुटलं. ओळ पुसून निकाल पाठवता आला असता, पण हात धजेना. तिने त्या फोनला एक गाडी नेमून दिली. ‘रुग्णाला घेतलं’ अशी नोंद पडली आणि ओळ थांबली. वासही विरला.

हुश्श म्हणते तोच खाली दुसरी ओळ आली. ‘बाळ श्वास घेत नाहीये. लवकर या.’ तारीख मास्तर गेले त्या दिवसाची. मग तिसरी. मग चौथी... तिने घाईघाईने त्या दिवसाचा अहवाल उघडला.

“साहेब, त्या दिवशी मास्तरांचा एकच फोन अडकला होता ना? अहवालात तर तसंच लिहिलंय...”

“एकोणीस होते,” साहेब पुटपुटले. “एकोणीसवर थांबले ना गं?”

ती बोट ठेवून मोजत गेली. विसावी ओळ उमटली. त्या ओळीवर तारीख उद्याची होती, नवी सिस्टिम सुरू होण्याची.