आबांच्या मनाचं कुलूप

त्या काळात बेशुद्ध माणसाला शुद्धीवर आणायला औषधापेक्षा नातेवाइकाची सही जास्त लागे. पेन ऋजुताच्या हातात होतं, आणि डॉक्टर राजाध्यक्षबाईंवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता.

समोरच्या खाटेवर तिचे आबा चाळीस दिवस निपचित पडून होते. तशी काळजी नव्हती म्हणे. प्रत्येकाच्या मनाची प्रत मनकोशात असायची. कानामागची चकती मनातलं सारं तिथे उतरवत राही. मेंदू बिघडला की तीच प्रत पुन्हा मेंदूत भरायची. मात्र एका पानावर दोन हात एकदम चालले तर गिचमीड होते, म्हणून लिहिणारं मन आधी पानाला कुलूप लावी आणि लिहून झालं की काढी. लिहिणारा मध्येच गेला तर कुलूप तसंच राही, आणि प्रत अडकून पडे.

"याला आम्ही शिळं कुलूप म्हणतो," बाई म्हणाल्या. "लावणारा आता उरलेला नाही. सही करा, तोडून टाकू."

"लावणारा म्हणजे आबाच ना?"

बाईंनी सहीचा कागद पुढे सरकवला. ऋजुताचा नवरा सतेज मध्ये पडला. गेल्या वर्षी अपघातानंतर त्याचंही कुलूप तोडून प्रत भरली होती, आणि तो उठून घरी आला होता. माझं काही वाईट झालं का, असं तो पुन्हापुन्हा म्हणत होता. झालं काहीच नव्हतं. त्याला सगळं आठवत होतं, उलट स्वभाव निवळला होता. तरी वर्षभर तिच्या मनात पाल चुकचुकत होती, आणि त्याची तिला लाजही वाटे.

लावणारा उरला नाही हे कशावरून, असं तिने खोदून विचारलं. बाईंनी सांगितलं, कुलूप तोडण्याआधी यंत्र त्याला हाक देतं आणि अर्धा सेकंद थांबतं. जिवंत मन त्याच्या कितीतरी आधी ओ देतं.

आबांनी जन्मभर भांड्यांवर नावं घातली होती. हातातलं अक्षर पुरं होईस्तोवर ते मान वर करत नसत; आई जेवायला हाक मारून आमटी दोनदा गरम करी.

"पुन्हा हाक द्या," ऋजुता म्हणाली, "आणि ओ येईपर्यंत थांबा."

बाईंनी नाइलाजाने हाक दिली. चहा आला, गार झाला. पावणेदोन तासांनी पडद्यावर शब्द उमटले: 'आलो. एवढं संपवतो.'

बाईंनी ते शब्द पुन्हा वाचले, तेव्हा सगळं उलगडलं. बिघडलेल्या मेंदूत मन संपत नव्हतं, नुसतं मंदावत होतं, आणि आत बसून स्वतःची डागडुजी करत होतं. कुलूप तोडून प्रत भरली की ते पुसलं जाई आणि त्याच्या जागी प्रत उठून बसे.

"यांना हाक देऊन किती वेळ थांबला होतात?" ऋजुताने सतेजकडे बोट दाखवून विचारलं.

"अर्धा सेकंद. सगळ्यांनाच."

सतेजने खुर्चीचा हात घट्ट धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ऋजुताला धाय मोकलून रडायचं होतं. पण नवऱ्यासाठी नवऱ्यादेखत कसं रडायचं, ते तिला कळेना.