खाली ठेवलेला दिवा

जुन्या कल्याणात, पारनाक्यामागच्या गल्लीत, साईनाथला आपला दोन बेडरूमचा डुप्लेक्स विकायचा होता. खाली हॉल नि स्वयंपाकघर, मधे गोल लोखंडी जिना, वर दोन खोल्या. आई गेल्यापासून तो तिथं एकटाच होता. संध्याकाळी बोलायला कुणी नसे, म्हणून तो टीव्हीतल्या बातम्यांना उत्तरं देई. कोलशेतला धाकट्या बहिणीनं, मृणालनं, त्याच्यासाठी खोली रिकामी करून ठेवली होती. घर विकलं की तिकडं जायचं, एवढंच ठरलं होतं.

पण घर विकलं जात नव्हतं. गिऱ्हाइकांना खालचं सगळं आवडे. वर जाऊन आली की मात्र ती घाईघाईनं चपला शोधू लागत.

त्या रविवारी संध्याकाळी टिटवाळ्याहून हितेश आणि दिशा आले. लग्न नुकतंच झालेलं.

"काका, जिना मस्त आहे," हितेश म्हणाला. "फक्त आमच्या आईला चढता येणार नाही."

"म्हणून तर घेऊया," म्हणत दिशा हसत वर गेली.

खाली आली तेव्हा तिचं हसू मावळलं होतं. "काका, मागच्या खोलीतला लाइट लागत नाही का?"

"लागतो की. चालूच आहे."

"हो, चालू आहे..." तिनं कठडा घट्ट धरला. "पण उजेड पडत नाहीये."

ते गेल्यावर साईनाथ वर गेला. ट्यूब जळत होती. पलंग, कपाट, आईची काठी, त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं. फक्त निलगिरीच्या तेलाचा वास येत होता. आई ते गुडघ्यांना चोळायची.

त्यानं मृणालला फोन लावला. दिशा काय म्हणाली ते सांगितलं.

"दादा... आई वरच्या खोलीत गेली. दिवा आपण खाली ठेवला."

माणूस जिथं प्राण सोडतं तिथं दिवा तेवत ठेवायचा, शेजारी ताटात पीठ पसरायचं, ही त्यांच्या घरातली रीत. पण भेटायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना जिना झेपणार नाही, म्हणून साईनाथनंच तो हॉलमध्ये ठेवला होता. सुतकभर दिवा खाली तेवला. वरची खोली काळोखात राहिली.

"आता ठेव वर," मृणाल म्हणाली. "तिला वाट दिसू दे. आणि खालचं दार उघडं ठेव. अडवू नकोस हं तिला, दादा."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्यानं पलंगापाशी दिवा लावला, ताटात पीठ पसरलं, आणि दार उघडं ठेवून हॉलमध्ये येऊन बसला. गल्लीत कुणीतरी स्कूटर लावली. समोरच्या घरातून फोडणीचा आवाज आला. मग सगळं शांत झालं.

आणि जिना वाजला.

आई उतरताना एक पाय ठेवायची, दुसरा त्याच पायरीवर आणून जोडायची, मग दम खायची. तसंच... एक... मग दुसरा... मग थांबणं.

जिना संपला. निलगिरीचा वास त्याच्या गुडघ्याजवळून पुढं सरकला आणि उंबऱ्याशी जाऊन थांबला.

साईनाथनं स्वयंपाकघरातल्या ओट्याकडं पाहिलं. तिथं एकच कप उपडा घातलेला होता.

"आई," तो म्हणाला, "बस ना जरा... चहा टाकतो."

आणि त्यानं दार लावून घेतलं.

पुढच्या रविवारी हितेश दिशाला समजावून पुन्हा घेऊन आला. ती भीतभीत वर गेली, आणि लगेच कठड्यावरून वाकून ओरडली, "अरे हितेश, ये ना वर! काय मस्त वाटतंय आज!"

उतरताना मात्र ती शेवटच्या पायरीवर थबकली.

"काका... हॉलमधला लाइट गेलाय का?"

तिच्या डोक्यावर ट्यूब लख्ख जळत होती.

"घर विकायचं नाही आता," साईनाथ हळूच म्हणाला. टेबलावर दोन कप होते. एक रिकामा, दुसरा साय धरलेला.

"अहो काका, असं कसं? आपलं बोलणं..."

दिशानं हितेशची बाही ओढली. ती बंद दाराकडं बघत होती. दारासमोरच्या फरशीवर पिठाची दोन पावलं उमटली होती, बोटं दाराला टेकलेली.

साईनाथ फडकं घेऊन खाली बसला नि सवयीनं पुसू लागला. वरचं ताट त्यानं पहिल्याच रात्री धुऊन ठेवलं होतं. पावलं मात्र रोज उमटत होती.