सदरमधून आणलेली रॅम

मी मुलींना कॉम्प्युटर हार्डवेअर शिकवते. पहिल्या तासाला कॅबिनेट उघडून टेबलावर ठेवते आणि एकेका भागावर बोट ठेवत जाते. हा मदरबोर्ड, बाकी सगळं यालाच जोडलेलं. हा प्रोसेसर, सगळी आकडेमोड याची. हार्ड डिस्क म्हणजे कपाट, ठेवलेलं वर्षानुवर्षं राहतं. आणि रॅम म्हणजे कामाचं टेबल. जेवढं काम चालू तेवढंच त्यावर पसरलेलं असतं. वीज गेली की टेबल कोरं, मागे काहीही उरत नाही.

प्रताप नगरात आम्ही दोघंच राहतो, मी आणि बाबा. बाबा, विश्वनाथराव, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. भाषेच्या बाबतीत फार कडक. समोर कुणी 'मले-तुले' बोललं की लगेच सुधारणार. त्यांचा दिवस जुन्या कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळण्यात जायचा. उन्हाळ्यात ते मशीन फारच रखडायला लागलं, म्हणून मी शहरातल्या सदर भागातून, ऋषिकेशच्या जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानातून एक वापरलेली रॅम आणून बसवली. खोबणीत ती टक् करून बसली, पंखा फिरला, मशीन झटक्यात सुरू झालं. बाबा खूश झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "पानी दे वं."

मला हसू आलं. वाटलं, माझी गंमत करताहेत. पण त्यांनी पेला डाव्या हातानं घेतला. माउसही डावीकडे सरकवलेला होता.

"बाबा, डाव्या हातानं?"

"मंग कोन्या हातानं?"

संध्याकाळी कॉम्प्युटर बंद केला आणि ते पुन्हा नेहमीचे झाले. दुपारचं त्यांना काही आठवत नव्हतं. डॉक्टरांनी तपासलं, वयाच्या मानानं सगळं उत्तम निघालं. पण पुढेही तेच होत राहिलं. मशीन चालू असलं की ते खिडकीकडे बघत म्हणायचे, "जिजा अजून आली काहून नाही?" बंद केल्यावर मी विचारलं, तर म्हणायचे, "कोण जिजा?"

योगायोग असेल, असं मी स्वतःला सांगत होते. तरी एका सकाळी ते आंघोळीला गेले असताना मी प्लग काढला, कॅबिनेट उघडलं आणि रॅम बाहेर काढली. हाताला ती कोमट लागली. मशीन आदल्या संध्याकाळपासून बंद होतं.

बाबा टॉवेलनं डोकं पुसत बाहेर आले. मला पाहून दारातच थबकले.

"तुम्ही कोन, बाई?"

मी रॅम परत बसवली. मशीन सुरू केलं, बंद केलं, पुन्हा सुरू केलं. काही फरक पडला नाही. परक्याच्या घरी बसावं तसे ते पलंगाच्या कडेला अवघडून बसले होते.

शेजारच्या यमुताईंना त्यांच्याजवळ बसवून मी सदर गाठलं. ऋषिकेशला आठवायला वेळ लागला.

"कळमेश्वरच्या चंपतरावांच्या मशीनमधली हाय ते," तो म्हणाला. "ते बिमार पडले, तं घरच्यांनी मशीन विकली. काहून मॅडम, चालून नाही राहिली का?"

"चालते आहे," मी म्हणाले.

पत्ता घेऊन मी तिथूनच बसनं कळमेश्वरला गेले. चंपतरावांचं घर बसस्टँडच्या मागेच सापडलं. एका वयस्क बाईंनी दार उघडलं. मी नाव विचारलं.

"जिजाबाई," त्या म्हणाल्या.

कॉम्प्युटरच्या कामानं आले, एवढंच कसंबसं म्हटलं.

"मशीन विकली तवापासून हे गपच होते," त्या मला आत घेत म्हणाल्या. "मले ओळखत बी नव्हते. आज सकाळपासून बोलून राहिले, पन मले 'आपण' म्हनतात. बायकोले कोनी 'आपण' म्हनते का?"

खुर्चीत एक रुंद हाडाचा, उन्हानं रापलेला म्हातारा बसला होता. मला पाहून तो सावरून बसला.

"भैरवी, किती उशीर केलास. हे कुणाचं घर आहे? मला काही उमगत नाही."

प्रत्येक शब्द स्वच्छ, तोलून उच्चारलेला. माझं नाव मी तिथे कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी यमुताईंना फोन लावला, तो बाबांच्या हातात द्यायला सांगितलं आणि स्पीकर सुरू केला.

"हॅलो? कोन बोलून राह्यलं?"

खुर्चीतला माणूस ऐकत राहिला. त्याचा हात सावकाश स्वतःच्या गळ्याशी गेला.

"हा माझा आवाज आहे," तो म्हणाला.

मी घाईघाईनं स्पीकर बंद केला. जिजाबाईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. तो आवाज त्यांनी आयुष्यात कधी ऐकलेला नव्हता, बोलण्याची ढब मात्र ओळखीची असावी. आमच्याकडे पाठ करून त्यांनी फोन कानाशी धरला.

"जेवले का?" त्यांनी हळूच विचारलं.

पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. त्या ऐकत राहिल्या, आणि ऐकता ऐकता त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.