नऊ नंबरची हाक

सर्व्हर मंद झाला की बीडहून मला बोलावतात. मी वर्षाराणी, कॉम्प्युटरचंच काम करते. त्या दिवशीही नेहमीचंच काम समजून नेकनूरच्या पुढच्या माळावर, पवनचक्क्यांच्या कंट्रोलरूमवर गेले. भर दुपार होती. बाहेर वारा, आत तापलेल्या वायरींचा वास, आणि वरून पात्यांचं घूं... घूं...

"ताई, जरा लवकर बघा," तिथले ऑपरेटर सिद्धाराममामा म्हणाले. "उत्तरेश्वर तीन नंबरवर दुरुस्तीला चढलाय. पात्यांचा ब्रेक ह्याच मशिनवरनं धरलाय. हे बंद पडलं तर..."

मी कमांड लिहायचा काळा पडदा उघडला. कारण लगेच सापडलं. एका पत्त्यावरून सर्व्हरला सारख्या हाका येत होत्या. नेटवर्कवर एक मशीन दुसऱ्याला विचारतं, 'आहेस का?' दुसरं म्हणतं, 'आहे.' एवढंच असतं ते. पण ह्या हाकांना खंडच नव्हता, आणि उत्तरं देता देता सर्व्हर पार दमला होता.

"मामा, हा पत्ता नऊ नंबरचा आहे."

मामांनी दाराबाहेर माळाकडं पाहिलं.

"नऊ नंबर कुठाय आता? दुरुस्तीला चढलेला नाथा तिथनं पडून मेला, तवाच ती चक्की उतरवली. नुसता ओटा हाय."

मी उठून नऊ नंबरची वायर उपसली. हाका चालूच.

पण वर माणूस होता, आणि इलाज मला येत होता. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, ह्यासाठीच एक सेटिंग असतं. शून्य असेल तर मशीन हाकेला ओ देतं. एक केलं की देत नाही. मी कमांड लिहिली, शून्याचा एक केला आणि एंटर दाबलं.

सर्व्हर मोकळा झाला. ब्रेकचा हिरवा दिवा फडफडायचा थांबला.

"झालं," मी म्हणाले. "उतरवा त्याला."

उत्तरेश्वर घामाघूम होऊन आत आला तो सरळ माठाकडं. पाठमोराच म्हणाला, "मामा, मघापासनं खालून मला हाका कोण मारत व्हतं? आवाज लई नाथासारखा... मी आपली ओ दिली."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. खात्री करावी म्हणून नऊ नंबरच्या त्या रिकाम्या पत्त्यावर मीच एक हाक पाठवली. गुपचूप, की-बोर्डवरून.

"ओ..." पाणी पिता पिता उत्तरेश्वर म्हणाला.

पडद्यावर उत्तर उमटलं.

मी पुन्हा पाठवली.

"ओ..."

पुन्हा उत्तर. मी झटकन हात मागं घेतला आणि मशिनची वायरच काढली. पडदा विझला. खोलीत वाऱ्याशिवाय कसलाच आवाज उरला नाही.

"ओ... आलो, आलो," उत्तरेश्वर म्हणाला. तांब्या खाली ठेवून तो दाराबाहेर पडला, आणि उन्हातून ओट्याच्या दिशेनं चालू लागला.