दिव्यांची परतीची तार

दार नीट ओढून घ्या आणि शेगडीत दोन लाकडं सरकवा. या दासू गावाच्या पुढं दरड आली आहे, सकाळपर्यंत कुणाचीच गाडी हलायची नाही. तुम्ही पोरं आता याच रस्त्यावर गाड्या चालवणार, तेव्हा हे ऐकून ठेवा. ही ऐकीव गोष्ट नाही. स्कर्दूच्या बाजारात गाड्यांची वायरिंग करणाऱ्या उस्ताद निसारला मी वीस वर्षं ओळखतो, आणि शेवट तर माझ्या डोळ्यांदेखत झाला आहे.

मागच्याच्या मागच्या नोव्हेंबरातली सोळा तारीख. जुमेरात, म्हणजे गुरुवार. निसार दोन दिवस वर अस्कोलेला एका जनरेटरचं काम करत होता. काम संपलं, मिठाचा चहा झाला, सकाळी निघायचं म्हणून त्यानं अंथरूण घातलं. रात्री साडेआठला गावातला गाडीवाला फिदा दारात येऊन उभा राहिला. त्याची बायको कुलसुम काल दुपारपासून कळा देत होती. मूल आडवं होतं, गावातल्या दाईनं हात टेकले होते. आताच्या आता खाली दवाखान्यात न्यायला हवं होतं.

"तुम्ही बरोबर चला, उस्ताद. वाटेत गाडीनं दगा दिला तर मी एकटा काय करणार?"

निसारला नाही म्हणता आलं नाही. पण गाडी कुठली हे आठवलं आणि तो उठता उठता थांबला.

ती गाडी म्हणजे जुनी डिझेल फोर-व्हील. दोन बॅटऱ्यांची. इंजिन चालू होतं दोन्ही बॅटऱ्यांच्या चोवीस व्होल्टवर, दिवे जळतात एकट्या बारावर. तिची आणखी एक तऱ्हा आहे. इतर गाड्यांत बटण दाबलं की करंट दिव्याकडं जातो. हिच्यात करंट दिव्यापाशी आधीच येऊन थांबलेला असतो आणि बटण असतं परतीच्या तारेवर. ती तार गाडीच्या पत्र्याला, म्हणजे अर्थिंगला मिळाली की दिवा लागतो. ती सुटली तर बल्ब धड, फ्यूज धड, आणि पुढं काळोख.

फिदा आणि त्याचा थोरला भाऊ शब्बीर, दोघांकडं अशा दोन गाड्या होत्या. दोन्हींच्या दिव्यांचं काम निसारनं एकाच दिवशी केलं होतं. रोजे चालू होते, इफ्तारला अर्धा तास उरला होता. परतीची तार पत्र्याला आवळायची तर खालचा रंग आधी खरवडून काढायचा असतो, नाहीतर ती नुसती बोल्टाच्या आट्यांवर तगते. निसारला हे माहीत नव्हतं असं नाही. त्यानं रंगावरच दोन्ही बोल्ट आवळले. दिवे लागले. पोरं खूश होऊन गेली.

तीन आठवड्यांनी शब्बीरची गाडी ब्राल्डू नदीत गेली. रात्री, चार हमालांसकट. शब्बीर तर सापडलाच नाही. गावानं ठरवून टाकलं की त्याला डुलकी लागली. हमालांच्या घरच्यांनी त्याच्या बापाचा सलाम घेणं सोडलं. म्हातारा मशिदीत सगळ्यांच्या मागं, चपलांपाशी बसायला लागला. निसारनं तोंड उघडलं नाही. फिदाची गाडी पुन्हा दुरुस्तीला आली तेव्हाही त्यानं त्या बोल्टाला हात लावला नाही. नवा आवळायचा तर जुना का काढला हे सांगावं लागलं असतं. निसार माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. भित्र्याच्या हातून जे होतं ते वाईट माणसाच्याही हातून होत नाही, हे माझं मत.

तर निघाले. मागं गाद्या टाकून कुलसुम आणि तिची आई. पुढं फिदा आणि निसार. कुलसुम ओरडत नव्हती, दाताखाली ओढणी धरून नुसती हुंकारत होती. दर खड्ड्याला फिदा मागं वळून माफी मागत होता.

सव्वादहाला, शब्बीर जिथं गेला त्याच वळणाच्या अलीकडं, दिवे गेले. एकदम. दोन्ही.

फिदानं ब्रेक मारला. इंजिन धडधडत होतं, पण समोर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. डाव्या हाताला कडा, उजवीकडं खोल खाली नदीचा आवाज.

निसार टॉर्च घेऊन उतरला. काय सुटलं आहे हे त्याला पाय खाली टेकायच्या आत कळलं होतं. पण फिदा शेजारी उभा होता, आणि फिदाला गाड्यांतलं कळत होतं. बोल्ट उघडला की खालचा चकचकीत रंग त्याला दिसणार. रंग दिसला की भावाची गाडी आठवणार.

म्हणून निसार म्हणाला, "बारावर चोवीस गेले असतील. बल्ब उडाले वाटतं."

मग त्यानं बल्ब काढले. पाहिले. पुन्हा बसवले. फ्यूज पाहिले. दोन्ही बॅटऱ्यांमधली जोडणी पाहिली. टेस्ट लॅम्प लावून दिव्यापाशी करंट आहे हे पाहिलं, आणि तरीही पुन्हा फ्यूजकडं वळला. मागून कुलसुमचा हुंकार येत होता. मग त्यातलं अंतर वाढत गेलं. कुलसुमची आई काच खाली करून एवढंच म्हणाली, "बाबांनो, ती आता गप्प पडायला लागली आहे."

अर्धा तास गेला होता.

निसारनं फिदाला बायकोकडं पाठवलं. तो वळल्यावर बोल्टाला हात घातला. आटे झिजून बोल्ट हातातच आला आणि खाली कुठंतरी दगडांत गेला. तार मोकळी. ओढून ओढून ती बंपरच्या कडेपर्यंत जेमतेम पुरत होती. तिथं दगडांनी घासून लोखंड उघडं पडलेलं होतं. टेकवली... दिवे लागले. टेपनं बांधून पाहिली. गाडी दोन हात पुढं गेली आणि सुटली.

"मी बंपरवर बसतो," निसार म्हणाला. "हातानं दाबून धरतो. तू हळू चालव."

असे ते निघाले. पावलाच्या वेगानं. निसार बंपरच्या उजव्या टोकाला, नदीच्या बाजूला, पाय दुमडून बसलेला. डाव्या हातानं जाळी धरलेली, उजव्या अंगठ्याखाली तार. वारा वरच्या बर्फावरून येत होता. पंधरा मिनिटांत बोटं बधिर झाली. वीस मिनिटांत ती आपली आहेत की नाहीत हेही कळेना. दिवे लुकलुकायला लागले.

शब्बीरचं वळण आलं.

अंगठा सरकला. निसारला ते दिसलं. तार लोखंडापासून सुटली, हवेत आली. दिवे विझले...

आणि लागले.

आधीपेक्षा पांढरे.

बंपर एकदम खाली दबला. शेजारी कुणी बसावं तसा. पण शेजारी जागा नव्हती. उजवीकडं नुसती दरी.

ओल्या लोकरीचा वास आला. नदीच्या गाळाचा.

मग त्याच्या हातावर हात आला.

गार. जड. निसारचा अंगठा त्यानं तारेवर दाबला. तार लोखंडावर दाबली. घट्ट.

निसारनं मान वळवली नाही. हात ओढून पाहिला. हलला नाही. कलमा म्हणायला तोंड उघडलं... शब्द आठवेना.

आतून फिदाचा आवाज आला, "आता बरोबर धरलंय, उस्ताद. सोडू नका."

वळण गेलं. पुढचं गेलं. झुलता पूल आला. फळ्या वाजल्या. त्या हाताखालून थेंब पडत होते. बंपरवर पडून गोठत होते.

निसार अगदी हळू म्हणाला, "शब्बीर... चूक माझी होती."

थेंब पडत राहिले.

हात तसाच.

एक वाजून दहा मिनिटांनी खाली इथलेच, दासूचे दिवे दिसले. बंपर वर उचलला गेला. तार खाली लोंबली आणि गाडी अंधारात उभी राहिली. आवाज ऐकून वर धावलेल्या लोकांनी निसारला उचलून उतरवलं. कुणीतरी दुसरी गाडी काढली, कुलसुमला तीत घातलं, निसारही बरोबर दवाखान्यात गेला.

कुलसुम वाचली. मुलगा होता. डॉक्टरीणबाईनं फिदाला बाजूला घेऊन सांगितलं की अर्धा तास आधी आणलं असतं तर तोही वाचला असता. तेव्हा निसार भिंतीला टेकून तिथंच उभा होता. त्यानं ते ऐकलं.

पुढच्या जुम्म्याला तो फिदाच्या गावी गेला. नमाजनंतर सगळ्यांसमोर उभा राहून त्यानं सांगितलं. रंग, बोल्ट, इफ्तारची घाई, वळणावर मुद्दाम घालवलेला अर्धा तास, सगळं. कुणी त्याच्या अंगावर धावून गेलं नाही. धावले असते तर बरं झालं असतं, असं तो मला नंतर म्हणाला. हमालांचे बाप उठले आणि शब्बीरच्या बापाला हाताला धरून पुढं आणून बसवलं. फिदा मात्र त्याच्याशी एक शब्द बोलला नाही.

दीड महिन्यानं फिदा दुकानात आला. मी कोपऱ्यात चहा पीत बसलो होतो. त्यानं विचारलं, "त्या रात्री तार कुणी धरली होती? कुलसुमची आई म्हणते, तुमच्या शेजारी बंपरवर माणूस होता. ती काचेतून सबंध वाट त्याची पाठ बघत होती."

निसार उठला. टेबलावर गाडीचा दिवा होता, शेजारी बॅटरी. करंटची तार दिव्याला जोडलेलीच होती. परतीची मोकळी होती. निसारच्या पायात रबरी बूट, बुटाखाली लाकडी फळी, डावा हात खिशात. मी नीट पाहिलं, म्हणून सांगतो. तो कशालाही टेकलेला नव्हता. बॅटरीचं दुसरं टोक खाली लोखंडी खांबाला होतं, त्याच्यापासून चांगलं चार हात लांब.

त्यानं परतीच्या तारेचं उघडं टोक दोन बोटांत धरलं.

दिवा लागला.

पिवळा, मंद. पण लागला. फिदाच्या तोंडावर उजेड पडला. निसारच्या बोटांवरून पाण्याचा एक थेंब फळीवर पडला.

फिदा एक पाऊल मागं सरकला.

"सोडा, उस्ताद."

"मी सोडलंय," निसार म्हणाला. "त्या रात्रीच सोडलंय... तो सोडत नाही."