विरीवरचा माऊस

अलीमियाँना लॅपटॉप वापरता यायचा, पण लॅपटॉपला अलीमियाँ झेपत नव्हते. मस्कतच्या गोदामात उमेदीची सगळी वर्षं काढून ते परत आले, ते उजव्या हाताला कंप घेऊनच. टचपॅडवर बोट टेकवलं की पडद्यावरचा बाण भलतीकडेच पळायचा. बोर्लीहून दिवेआगरला जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांची नारळी-पोफळीची वाडी. तिथे त्यांनी पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या होत्या, आणि बुकिंग सगळं ऑनलाइन. ऐन नाताळात एका कुटुंबाला चुकून 'खोली नाही' असं कळवून ते मोकळे झाले. तेव्हा त्यांच्या एकुलत्या एक लेकीने, निदाने, खारघरहून येताना एक छोटा वायरलेस माऊस आणला.

निदा एका कंपनीत कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळायची. बिघाड शोधणं हेच तिचं काम, त्यामुळे वस्तू निवडताना ती चोखंदळ होती. हा माऊस कुडत्याच्या खिशात मावायचा. वायर नाही, म्हणजे मांजरीला ओढायलाही काही नाही. त्याचा नखाएवढा रिसीव्हर लॅपटॉपच्या कडेला एकदा खोचला की विसरून जायचं. एक सेल घातला की वर्ष निघायचं.

"पोरीसारखीच चीज हाय," अलीमियाँ म्हणायचे. "कुरकुर नाय."

एकच अडचण होती. टेबलावर काच होती आणि काचेवर माऊस चालेना. रेहानाने, म्हणजे निदाच्या अम्मीने, त्यावर आपला इलाज काढला. वाडीत पोफळीची विरी पडली होती, झावळीचा तो देठाकडचा रुंद, चामड्यासारखा भाग. तिने ती पाट्याखाली दाबून सपाट केली, चौकोनी कापली आणि काचेवर ठेवली. माऊस झकास चालू लागला. फक्त आवाज व्हायचा, खसखस, खसखस. जोहरची, म्हणजे दुपारची नमाज आणि जेवण आटोपलं की घरात तो आवाज सुरू होई.

पुढे कंप वाढला. मग रेहाना शेजारी खुर्ची ओढून बसायची आणि त्यांच्या हातावर आपला हात ठेवायची. बाण लगेच शहाण्यासारखा वागायचा. कॉम्प्युटरमधलं तिला काही म्हणजे काही कळत नव्हतं. तिचं लक्ष खिडकीबाहेरच्या कोंबड्यांवर असायचं.

"मी काय करते? वरून नुसतं वजन ठेवते," ती म्हणायची.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला अब्बा गेले.

चाळिसाव्याला त्यांचे कपडे वाटायचे होते. निदाने आणि शेजारच्या बायकांनी घड्या घातल्या आणि गाठोडं वाडीचं काम बघणाऱ्या रघूला दिलं. मयताच्या कपड्यांचे खिसे कोण चाचपतं? निदा खारघरला परतली. अम्मी इद्दतीत होती, नवऱ्यामागचे चार महिने दहा दिवस तिला घराबाहेर पडायचं नव्हतं. ती मुदत संपली की तिला कायमचं खारघरला न्यायचं, हे निदाने मनाशी पक्कं केलं होतं. अम्मीच्या हृदयाचं दुखणं जुनं होतं. एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हृदयाचा डॉक्टर गाठायचा तर घाट ओलांडायचा, आणि तेवढ्या वेळात काय होईल या विचाराने निदाची झोप उडायची. अब्बा गेले तेव्हा ती पोचली नव्हती. अम्मीच्या वेळी तरी तिला पोचायचं होतं.

इद्दत संपल्यावर ती गाडी घेऊन आली. अम्मीने एक पिशवीसुद्धा भरली नव्हती.

"चल ना अम्मी. तुझी खोली तयार आहे."

"शनिवारी पावणे येतायत दोन्ही खोल्यांत."

"बुकिंग कुणी घेतलं?"

अम्मी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझे अब्बा बघतात ते."

दुखणं हृदयापुरतंच असतं तर बरं, असं निदाला वाटून गेलं. ती वाद न घालता जेवली आणि आतल्या खोलीत आडवी झाली. डोळा लागतोय न लागतोय तोच बाहेरून आवाज आला.

खसखस. खसखस.

ती दाराशी आली. लॅपटॉप उघडा होता. अम्मी नेहमीच्या बाजूच्या खुर्चीवर बसली होती, खिडकीबाहेर बघत. अब्बांची खुर्ची रिकामी होती आणि विरीवर काहीच नव्हतं. पडद्यावर बाण थरथरत चालला होता. तो एका बटणाजवळ गेला, हुकला, परत फिरला, पुन्हा हुकला. मग कसाबसा टेकला आणि बुकिंग पक्कं झालं.

निदाचं डोकं सवयीने चालू लागलं. दुसऱ्या कुणाचा माऊस असेल? पण पाहुण्यांच्या खोल्या रिकाम्या होत्या, आणि हा रिसीव्हर आपल्या माऊसखेरीज कुणाचं ऐकत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तिने पुढे होऊन तो उपटला. बाण थांबला. खसखसही थांबली. अम्मी जेवत्या माणसापुढचं ताट कुणी उचलावं तशी नुसती बघत राहिली.

निदाने रिसीव्हर मुकाट्याने परत खोचला.

"माऊस कुठाय, अम्मी?"

"कुडत्याच्या खिशात असंल. ते खिशातच ठेवायचे."

रघूचं घर वाडीच्या मागच्या अंगाला. निदा तडक तिकडे गेली. रघूच्या बायकोने, जनीने, फळीवरून माऊस काढून दिला.

"खिशातच व्हता, ताई. मला कुठं ठावं? कुडत्यासंगं साबनाच्या पान्यात भिजला पार. द्यायचा म्हनत व्हते, पर भाभींसमोर काढायचा धीर झाला न्हाय. येक सेल व्हता, त्यो घड्याळात घातलाय."

भिंतीवर घड्याळ टिकटिकत होतं. निदाने माऊस उलटा करून झाकण सरकवलं. आत गंजाचा डाग आणि रिकामी खाच. तिथल्या तिथे ती मनात म्हणाली, की बाण या माऊसने हलवलेला नाही, हा माऊस मेलेला आहे. मग तिला आपण काय म्हणालो ते जाणवलं आणि ती घाईने घरी आली.

दुसऱ्या दिवशी जोहरनंतर तिने तो रिकामा माऊस विरीवर ठेवला आणि अब्बांच्या खुर्चीत बसली. अम्मीने लॅपटॉप उघडून दिला. थोड्या वेळाने बाण जागा झाला. माऊस तसूभर हलला नव्हता, पण त्याच्या खालून विरीची खसखस येत होती. निदाने हात पुढे केला आणि माऊस मुठीत घट्ट धरला. प्लास्टिक गार होतं. बाण थरथरतच राहिला.

"नाय थांबायचा," अम्मी म्हणाली. "मी रोज हात ठेवते त्या जागी. पण खाली त्यांचा हात लागत नाय, गो. मग थरथर कशी जाईल?"

निदाला रडू कोसळलं. चाळिसाव्यालाही ती इतकी रडली नव्हती. अम्मीने तिला कुशीत घेतलं आणि पदराने तिचं तोंड पुसलं.

"त्यांना एकट्याला टाकून येऊ?" अम्मीने हळूच विचारलं.

निदाला काही पटलं नव्हतं. ती फक्त हरली होती. पण हरल्यावरही बंदोबस्त करणं तिच्या हाडात होतं. रोज संध्याकाळपासून जनीने अम्मीच्या सोबतीला राहायचं ठरलं, सकाळी रघू फेरी मारणार होता. आणि अम्मीच्या लॅपटॉपचा पडदा आपल्याला ऑफिसात बसून दिसेल अशी सोय निदाने करून घेतली.

मग तो रोजचा परिपाठ झाला. दुपारी ती डबा उघडायची आणि आपल्या पडद्याच्या कोपऱ्यात अम्मीच्या पडद्याची छोटी चौकट लावायची. अम्मीने लॅपटॉपचं झाकण उघडलं, म्हणजे अम्मी जेवून बसली. बाण आला, म्हणजे अब्बाही आले. बाण हुकायचा, परतायचा, पुन्हा हुकायचा. निदा घास हातात धरून म्हणायची, "डावीकडे, अब्बा, थोडं डावीकडे." आजवर तिने बसवलेल्या कुठल्याच यंत्राने इतक्या नेमाने काम केलं नव्हतं. सहकारी विचारायचे, ती सांगायची, "घरचं बघतेय." खोटं काहीच नव्हतं त्यात. तिची झोपही परत आली होती.

सुपारी वाळत घालायचे दिवस होते. त्या दुपारीही अम्मीने झाकण उघडलं. चौकट उजळली. बाण आला, पण नव्या बुकिंगकडे गेला नाही. तो खोल्यांच्या कॅलेंडरकडे गेला.

तारखांचे हिरवे चौकोन म्हणजे खोली मोकळी. बाण थरथरत उद्याच्या चौकोनावर टेकला आणि तो राखाडी झाला. बंद.

निदाने डबा बाजूला सारला. हंगाम भरात होता. खोल्या अब्बा फक्त घरच्या कार्याला बंद ठेवायचे. तिच्या निकाहला ठेवल्या होत्या.

बाण परवाच्या चौकोनाशी झटत होता. हुकत होता. परत येत होता.

तिने अम्मीला फोन लावला. रिंग वाजत राहिली. तिने पुन्हा लावला.

बाण पुन्हा हुकला.

तिने रघूला लावला. "रघू, घरात जाऊन बघ. आत्ता. धावत जा."

"व्हय ताई, निघालोच."

तिची नजर चौकटीवरून हटली नव्हती. बाण त्या चौकोनाच्या कडेशी थरथरत होता.

मग थरथर थांबली.

बाण सरळ चौकोनावर गेला. तो राखाडी झाला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. कुठे हुकणं नाही, परतणं नाही. सावकाश, एका रेषेत, पूर्वीसारखा. महिना सगळा राखाडी झाला.

हातातला फोन वाजू लागला. रघूचं नाव होतं.

निदाने तो लगेच उचलला नाही. काम उरकून बाण पडद्याच्या मधोमध उभा राहिला होता. तो जराही हलत नव्हता. कुणीतरी वरून वजन ठेवलं होतं.